सुई तीच, हात निराळा

विणकाम-क्रोशाच्या शंकांची जी पत्रं येतात, त्यांच्या या खेपेच्या गठ्ठ्यातली निम्मी एकाच दुखण्याची आहेत. ‘नमुन्यात लिहिलं होतं तसंच केलं, तरी बिघडलं!’ मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे हे वाक्य मला नवीन नाही. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.

प्रश्न : ताई, मुलासाठी स्वेटर विणला. लोकर सांगितलेल्या जाडीचीच, सुया 4 मिलिमीटरच्याच, पुढचा-मागचा भाग मिळून टाके मोजून 220. छातीला 100 सेंटिमीटर भरायला हवा होता, भरला 110. तो बिचारा घालतो, पण आत आणखी कुणीतरी मावेल असा दिसतो. माझं काय चुकलं?
– सैरभैर आई

उत्तर : टाके मोजण्यात काही चुकलं नाही. तो नमुना दुसऱ्याच्या हातावर बेतलेला होता, एवढंच. नमुन्याच्या वर बारीक अक्षरांत एक ओळ असते, ‘10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके, 28 ओळी’ अशी काहीतरी. ती वाचायची सोडून आपण थेट टाके घालायला बसतो. लिहिणारीच्या हातात 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके बसतात, म्हणून तिच्या 220 टाक्यांचे 100 सेंटिमीटर झाले. तुमचा हात सैल. तुमचे 20च बसत असणार. 220 भागिले 20 म्हणजे 11. अकरा दाहे एकशेदहा. उत्तर तुमच्याच पत्रात होतं.

पुढच्या वेळी आधी मापाचा तुकडा विणा. सुईवर 35 टाके घ्या आणि चांगला 15 सेंटिमीटर उंच होईपर्यंत विणा. कडेचे टाके खोटं बोलतात, म्हणून मोजायचे ते मधले 10 सेंटिमीटर. आणि मोजण्याआधी तुकडा धुऊन, सपाट पसरून वाळवा. काही लोकरी पाण्यातून निघाल्यावर हातपाय पसरतात. मोजपट्टी नुसती वर ठेवायची, तुकडा ओढायचा नाही. ओढून-ताणून हवा तो आकडा काढण्याची लबाडी मी स्वतः बरीच वर्षं केली आहे, म्हणून सांगते. अर्ध्या टाक्याचाही फरक सोडू नका. 22च्या जागी साडेएकवीस आले, तरी 220 टाक्यांवर दोन सेंटिमीटर वाढतात.

टाके कमी बसले तर सुई बारीक घ्या, आधी 3.75, मग 3.5. सुई बदलूनही जमेना, किंवा बारीक सुईवर वीण पुठ्ठ्यासारखी कडक व्हायला लागली, तर सुई राहू द्या आणि टाके बदला. तुमच्या हाताला सेंटिमीटरमागे 2 टाके, म्हणजे 100 सेंटिमीटरला 200. नमुन्यातला आकडा काही दगडावरची रेघ नव्हे. मात्र तो बदलला की गळ्याचे आणि मुंड्यांचे टाकेही त्याच प्रमाणात बदलावे लागतात. त्यासाठी संध्याकाळभर वही-पेन्सिल घेऊन बसायची तयारी हवी.

आणखी एक. हात एकाच माणसाचा असला तरी रोज एकसारखा नसतो. वडिलांच्या स्वेटरची एक बाही मी त्यांच्या ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकावर बसून विणली, दुसरी ते घरी आल्यावर. ओळी दोन्हींच्या मोजून सारख्या. जोडताना पाहिलं, तर बाकावरची बाही दोन सेंटिमीटर आखूड! टाके इतके आवळलेले की सुई आत शिरेना. मी उसवायला निघाले तर त्यांनी स्वेटर हातातून काढून घेतला, आणि पुढं वर्षानुवर्षं लांब बाही दुमडून घालत राहिले. तेव्हापासून मी दोन्ही बाह्या एकाच लांब सुईवर, दोन गुंड्यांनी, एकदमच विणते.

तुमच्या स्वेटरचं काय? उसवा. नागमोडी झालेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. खरी लोकर असेल तर बहुतेक सुरळीत होते. अ‍ॅक्रिलिक तेवढं ऐकत नाही, पण नव्या विणीत ते लपून जातं.

प्रश्न : मी क्रोशाने गोल रुमाल करतेय. पाचव्या-सहाव्या फेरीपासून त्याला झालर सुटायला लागली. इस्त्री केली, वर जाड पुस्तकं ठेवली, तरी तो उठतोच. आई म्हणते, असंच डिझाइन आहे म्हणून सांग. सांगू का?
– नववीतली क्रोशेवाली

उत्तर : आईचा सल्ला व्यवहारी आहे, पण तू नववीत आहेस, तर गणितच सांगते. वर्तुळाची त्रिज्या जेवढी वाढते, त्याच्या साधारण सव्वासहा पट परीघ वाढतो. मुका खांब म्हणजे क्रोशाचा बुटका टाका, जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच. म्हणजे एका फेरीने त्रिज्या एका टाक्याएवढी वाढली, तर परिघावर सहा टाके वाढले पाहिजेत. म्हणून पहिल्या फेरीत 6, मग 12, 18, 24. पूर्ण खांब याच्या दुप्पट उंच, त्याला दर फेरीला 12 वाढवायचे: 12, 24, 36. अर्ध्या खांबाला साधारण 8. तू बहुधा खांबाचा हिशोब मुक्या खांबाला लावलास, किंवा दर फेरीला ‘प्रत्येक टाक्यात दोन’ करत गेलीस. तसं केलं तर 6, 12, 24, 48 होतात आणि इतक्या टाक्यांना बसायला जागाच उरत नाही. मग ते वर-खाली उसळतात. तीच तुझी झालर. पुस्तकांच्या वजनाने टाके कमी होत नाहीत, त्यामुळे तो उपाय सोडून दे.

उलट, टाके कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते. टोपी अशीच करतात. डोक्याचा घेर 54 सेंटिमीटर असेल, तर 54 भागिले 3.14, म्हणजे व्यास सुमारे 17. टोपी घट्ट बसायला हवी, म्हणून चकती 16 सेंटिमीटरची झाली की वाढवणं बंद करायचं आणि सरळ फेऱ्या घालत जायचं. आपोआप खाली वळते. वाढीव टाके दर फेरीला एकाच जागी घेऊ नकोस, नाहीतर वर्तुळाचा षटकोन होतो. जागा थोडी पुढेमागे कर.

आता गंमत ऐक. तुझी ‘चूक’ एका गणितज्ञ बाईंनी मुद्दाम केली होती. डाइना तायमिन्या, मूळच्या लॅटव्हियाच्या, अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत. भूमितीत ‘हायपरबोलिक’ नावाचा एक पृष्ठभाग असतो, कडेकडे जाऊ तसा बेसुमार पसरत जाणारा. तो दाखवायला कागदाची मॉडेलं करत, ती हाताळताना फाटत. बाईंनी 1997 साली क्रोशाची सुई घेतली आणि ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, असा नियम धरून विणत गेल्या. कोबीच्या पानासारखी झालर तयार झाली, विद्यार्थ्यांनी कितीही पिळली तरी न फाटणारी. पुढे 2005 पासून मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्टहाइम या बहिणींनी हाच नियम धरून क्रोशाचे प्रवाळ विणवून घ्यायला सुरुवात केली. समुद्रातल्या प्रवाळांनाही अशाच झालरी असतात.

तेव्हा रुमाल हवा असेल तर चौथ्या फेरीपर्यंत उसव. प्रवाळ हवं असेल तर तसंच पुढे जा, मात्र लोकर भरपूर घेऊन बस. फेऱ्या भराभर लांबत जातात.

प्रश्न : परदेशी नमुन्यावरून बाळाचं पांघरूण केलं. चित्रात जाळी भरगच्च दिसते, माझं मात्र लांबलचक आणि विरळ झालं. ‘डबल क्रोशे’ लिहिलं होतं, मी खांब घातले.
– चित्रावर विसंबलेली

उत्तर : नमुना ब्रिटिश असणार. अमेरिकी नमुन्यात ‘डबल’ म्हणजे आपला खांब, ब्रिटिश नमुन्यात तोच शब्द मुक्या खांबाला. आपल्या खांबाला ते ‘ट्रेबल’ म्हणतात. हा घोटाळा कुणी का मिटवत नाही, देव जाणे. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ आलं, तर तो अमेरिकी. आजच्या ब्रिटिश नमुन्यांत हा शब्द नसतोच. सुयांच्या नंबरांचंही तेच. 10 नंबरची ब्रिटिश सुई 3.25 मिलिमीटरची, 10 नंबरची अमेरिकी चक्क 6 मिलिमीटरची. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकी वाढला की जाड. म्हणून मी नंबर बघतच नाही, फक्त मिलिमीटर बघते. आपल्याकडचे ‘मुका खांब’ आणि ‘खांब’ हे शब्द निदान डोळ्यांना दिसतं तेच सांगतात.

प्रश्न : शेवटच्या बाहीला लोकर कमी पडली. त्याच रंगाचा गुंडा आणला, तर उन्हात फरक दिसतो.

उत्तर : रंगाचा नंबर तोच असला तरी घाणा वेगळा असतो. वेष्टनावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो, तो जुळवून आणि एक गुंडा जास्तीचाच घ्यायचा. आता बाही थोडी उसवा आणि दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या लोकरीच्या अशा विणत जा. फरक विणीत मुरतो. किंवा दोन्ही बाह्यांचे काठ तिसऱ्याच रंगाचे करा आणि वाचलेली लोकर वर वापरा. लोक कौतुक करतात.

प्रश्न : मफलर नळीसारखा गुंडाळला जातो. एक सुई, म्हणजे एक ओळ सुलट, एक सुई उलट अशी साधी वीण आहे. इस्त्री करू का?

उत्तर : करू नका. अ‍ॅक्रिलिक असेल तर गरम वाफेने ते कायमचं लुळं पडेल. या विणीचा स्वभावच तो. एका बाजूला सगळे सुलट, दुसऱ्या बाजूला सगळे उलट आले की दोन्ही बाजूंचा ताण सारखा राहत नाही. उभ्या कडा मागे वळतात, आडव्या पुढे. कडेला चार-सहा टाके सगळ्या ओळींत सुलट घातले तर थोडं कमी होतं, पूर्ण जात नाही. मफलरला सगळ्या सुया सुलट विणा, नाहीतर दोन सुलट, दोन उलट. दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि गुंडाळी होत नाही.

प्रश्न : शुद्ध लोकरीचा स्वेटर मशीनमध्ये धुतला. बाहुलीला येईल एवढा झाला आहे. परत मोठा होईल?
– ज्याने धुतला तो

उत्तर : नाही. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळणं तिन्ही एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि परत सुटत नाहीत. माझीही एक शाल अशीच गेली. पण आटून घट्ट झालेली लोकर कापली तरी सहसा उसवत नाही, हा एक फायदा. मी शालीचे चौकोन कापून गरम भांडी उचलायला वापरते. विणणारीला मात्र आधी तुम्हीच सांगा, कपाट उघडून तिला कळायच्या आत.

प्रश्न : वय 71, पुरुष. बायको विणायची. तिच्या सुया, क्रोशा आणि निम्मी पेटी लोकर घरात तशीच आहे. शिकावंसं वाटतं. विणकाम आधी की क्रोशा? बोटं सकाळी जरा आखडतात.

उत्तर : क्रोशाने सुरुवात करा. एका वेळी एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे चूक झाली तर ओढून मागे जायचं आणि पुन्हा पुढे. विणकामात चाळीस टाके एकदम सांभाळावे लागतात आणि एक सुटला की खालपर्यंत शिडी पडते. ती भरायची युक्तीही शेवटी क्रोशाचीच: सुटलेला टाका क्रोशात अडकवायचा आणि शिडीची एकेक पायरी त्यातून वर ओढत आणायची.

पेटीतली फार बारीक किंवा काळी लोकर आत्ता नको. काळ्यावर टाके मलासुद्धा दिसत नाहीत. मध्यम जाडीची, फिकट रंगाची, गुळगुळीत पिळाची घ्या. क्रोशा 5 मिलिमीटरचा. त्याची मूठ बारीक असेल तर तिच्यावर रबराची नळी चढवा, म्हणजे बोटं कमी वळतात. सकाळी नको, दुपारी बसा. वीस मिनिटं झाली की उठा, बोटं उघडमीट करा. दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा.

20 साखळ्या घाला, एक जास्तीची वळायला, आणि मुक्या खांबांच्या ओळी घालत जा. प्रत्येक ओळीच्या शेवटी टाके मोजा. पहिल्या आठवड्यात ते कधी 19 होतील, कधी 22. पट्टी खाली रुंद, वर निमुळती येईल. येऊ द्या.

पेटी रिकामी करताना तळाशी नीट बघा. विणणाऱ्यांच्या पेटीत मापाचे तुकडे असतातच, कडेला गाठ मारून ठेवलेले. त्यांच्या हातचा एखादा सापडला तर 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा आणि आकडा मला कळवा. सोबत तुमच्या पट्टीचाही पाठवा.