भोपळ्याचं फूल किती वाजता उमलतं ते आधी बघा

ऐरोलीच्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: अकराव्या मजल्यावरच्या उघड्या टेरेसवर साठ लिटरच्या ड्रममध्ये लाल भोपळ्याचा वेल आहे. फुलं भरपूर येतात, पण लिंबाएवढे भोपळे दिसतात आणि पिवळे पडून गळतात. खत दोनदा वाढवलं, कॅल्शियम दिलं. रंगाच्या ब्रशनं परागीभवनही करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. बाजूच्या दुधीचीही तीच रड. वेलावर आत्ता तीन मादी कळ्या आहेत, त्या तरी वाचाव्यात.

ताई, ते लिंबाएवढे भोपळे अजून धरलेलेच नसतात. मादी फुलाच्या मागे तो गोल गोळा कळी असल्यापासूनच असतो, तो फुलाचा अंडाशय. फूल उमललं, पराग मिळाले, तरच तो पुढे वाढतो. नाही मिळाले तर तीन-चार दिवसांत टोकाकडून पिवळा पडतो, सुरकुततो आणि हात लावला की देठापासून सुटतो. आपल्याला वाटतं की लागलेलं फळ गळलं, म्हणून आपण खताच्या मागे लागतो. मीही नेरुळला आल्यावर पहिली दोन वर्षं हेच केलं. शेणखत वाढवलं, पाणी कमी-जास्त करून बघितलं, वेलाची पानं ताटाएवढी झाली आणि एकही भोपळा मिळाला नाही. तेव्हा मी मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून, चहा घेऊन, साडेनऊ-दहाला ब्रश घेऊन बागेत जात होते. त्या वेळेला भोपळ्याची फुलं मिटायला लागलेली असतात.

तुमचं ब्रशचं काम नक्की किती वाजता झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे की चूक तिथेच आहे. भोपळ्याचं फूल उजाडता उजाडता उमलतं आणि एकच सकाळ जगतं. या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात आणि भाद्रपदाच्या उन्हात, सहा ते आठ ही खरी वेळ. आठनंतर जमू शकतं, पण दर अर्ध्या तासाला शक्यता कमी होत जाते. दहानंतर केलेलं मी मोजतच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य उशिरा उगवतो, हवा गार असते, तेव्हा फूल उशिरा उघडतं आणि नऊ-साडेनऊपर्यंत चालतं.

काम खरं तर आदल्या संध्याकाळीच सुरू होतं. उद्या उमलणारी कळी ओळखता येते: ती लांबट होते, हिरवेपणा जाऊन पाकळ्यांवर पिवळसर-नारिंगी रंग चढतो आणि टोक थोडं सैल दिसतं. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेलभर फिरा. मागे गोळा असलेली आणि आखूड, जाड देठाची ती मादी. लांब, बारीक देठावर उभी, मागे काही नसलेली ती नर. उद्याची मादी कळी दिसली की तिच्याजवळ काडीला लाल दोरा बांधून ठेवा. सकाळी झोपेत शोधाशोध नको, कारण पानांखाली ती हमखास लपते.

सकाळी दोन-तीन नर फुलं देठासकट तोडा. पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा उघडा पडू द्या. बोटाच्या टोकाला लावून बघा, पिवळी पूड चिकटली तर पराग तयार आहेत. मग तो दांडा मादी फुलाच्या मधोमध असलेल्या जाड, वेडेवाकडे कंगोरे असलेल्या भागावर, म्हणजे कुक्षीवर, हलक्या हातानं चोळा. सगळीकडून चोळा. एका बाजूलाच पराग लागले तर फळ बऱ्याचदा वाकडं वाढतं, एका अंगाला फुगीर, दुसऱ्या अंगाला दबलेलं. भोपळ्यात शे-दोनशे बिया सहज असतात आणि प्रत्येक बीला एक परागकण लागतो, म्हणून मी एका मादीवर किमान दोन नर फुलं वापरते. ब्रश नकोच. भोपळ्याचे पराग जड आणि चिकट असतात, निम्मे केसांतच अडकून राहतात. फूल हेच सगळ्यात चांगलं अवजार.

सोललेल्या पाकळ्या टाकू नका, बेसनात बुडवून भजी करा. माझ्याकडे सकाळच्या चहाबरोबर तेच होतं. फक्त उलटं करू नका, म्हणजे आधी सगळी नर फुलं भज्यांसाठी खुडायची आणि मग मादीसाठी नर शोधायचं. हे अनेक घरांत होतं.

चोळून झालं की मादी फुलाच्या पाकळ्या हळूच जवळ घेऊन वर दोरा किंवा कपड्याची चिमटी लावते. पावसाळ्यात हे फार महत्त्वाचं. परागकणांना पाणी लागलं की ते फुगून फुटतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी सहाला धो धो पाऊस असण्याचे दिवस पुष्कळ. म्हणून आदल्या संध्याकाळीच मादी कळीवर आणि दोन नर कळ्यांवर प्लास्टिकची लहान पिशवी उलटी टोपीसारखी घाला, खालून हवा खेळू द्या. पाऊस फारच असेल तर नर कळ्या संध्याकाळी देठासकट तोडून पेल्यात पाणी घालून घरात ठेवा. सकाळी त्या पेल्यातच उमलतात आणि पराग कोरडे मिळतात. हा उपाय मला सगळ्यात जास्त उपयोगी पडला आहे.

एकाच वेलाचे नर-मादी चालतात का, हे बरेच जण विचारतात. चालतात. दुधीचे किंवा काकडीचे पराग मात्र भोपळ्याला उपयोगाचे नाहीत, वेल सारखा दिसला म्हणून जवळचं नातं लावू नका.

आता तुमच्या दुधीबद्दल, कारण तिथे सकाळचा सल्ला नुकसान करेल. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्रभर उघडं असतं, त्यावर रात्री पतंग येतात. त्याचं हातानं करायचं ते दिवेलागणीला, साधारण साडेसहा-सातला. दोडका आणि पडवळही संध्याकाळचे. घोसाळी, कारली, काकडी सकाळची. सकाळी दुधीपाशी गेलात तर कोमेजलेली फुलं हाती येतील आणि तुम्ही पुन्हा खताचं पुडकं उघडाल.

हे सगळं मधमाशीनं का नाही केलं? तळमजल्यावर, झाडांच्या जवळ सातेरी किंवा फुलोरी मधमाशी येते आणि हाताची गरजच पडत नाही. अकराव्या मजल्यावर वारा असतो आणि खालच्या फुलांमधून एवढ्या उंच येण्याचं माशीला काही कारण नसतं. तुमचा वेल तिच्यासाठी एकटाच आहे. जवळ तुळस, झेंडू, कॉसमॉस लावून पाहा, माझ्या ओळखीच्या दोन घरांत फरक पडला. आणि फवारणी, अगदी निंबोळी अर्कसुद्धा, भोपळ्याची फुलं मिटल्यावर संध्याकाळीच करा. आमच्या सोसायटीत एका वर्षी सकाळी सातला कीटकनाशक फवारलं गेलं, त्यानंतर आठ-दहा दिवस माझ्या वेलावर एकही माशी फिरकली नाही. आम्ही कमिटीला विनंती करून वेळ बदलून घेतली.

खताबद्दल एवढंच की आता थांबा. नत्र जास्त झालं की पानं आणि नर फुलं वाढतात, मादी कमी येतात. पहिले आठ-पंधरा दिवस फक्त नर फुलं येणं हे मात्र नेहमीचंच, त्याची काळजी नको. साठ लिटरच्या ड्रममध्ये एका वेलावर दोन फळं पुरे. जास्त ठेवलीत तर वेल स्वतःच काही गाळतो आणि मग परागीभवन फसलं असं वाटतं.

साधलं की नाही ते साधारण तीन-चार दिवसांत कळतं. गोळा तुकतुकीत राहतो, वाढतो, देठ जाड होऊन खाली वळायला लागतो. आठवड्यानंतर, म्हणजे मोसंब्याएवढा झाल्यावर जर त्याला टोचल्यासारखा डाग आला, चिकट डिंक दिसला आणि आतून सडला, तर ते परागीभवन नाही, फळमाशी आहे. परागीभवन झाल्यावर तीन-चार दिवसांतच फळावर जुन्या साडीची किंवा जाळीची सैल पिशवी बांधा, फवारणीपेक्षा मला हे बरं वाटतं. पुढच्या वर्षी बी घेणार असाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का सूर्यमुखी बघा. फळ साधारण किलोभराचं, फळमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारं, ड्रमला शोभेल असं.

तुमच्या तीन कळ्यांपैकी ड्रमच्या सगळ्यात जवळची आणि देठ जाड असलेली पहिली धरा. उरलेल्या दोन वेगळ्या दिवशी उमलतील, त्या सकाळी पाऊस असेल तर आदल्या रात्रीचा पेला कामाला येईल. आज संध्याकाळी कळ्या बघून कोणती उद्याची आहे ते लिहा, रंग कसा आहे तेही सांगा.