मतदानाच्या दिवशी कामावर जाणाऱ्या बाईला मत द्यायला सुट्टी मिळते का? तुमचा अनुभव काय?

मिळते, आणि पगारी मिळते, पण मागावी लागते, निदान आम्हाला तरी मागावी लागली.

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत पॅकिंगला आहे, ठेकेदाराकडून, म्हणजे हजेरी भरली तर पैसे, खाडा झाला तर त्या दिवसाचे गेले. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं, बुधवारी. सोमवारी सुपरवायझर म्हणाले ज्यांना मतदान करायचंय त्यांनी करा पण खाडा पडेल. लाइनवरच्या निम्म्या बायकांनी तिथंच ठरवून टाकलं की कामावर यायचं, आणि मी त्यांना अजिबात नावं ठेवणार नाही, घरभाडं कोणाला चुकलंय.

रात्री भाच्याने मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५ ब. मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची आणि पगार कापायचा नाही, रोजंदारीवाल्यांचा पण नाही, कापला तर मालकाला दंड. (दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे, तो वाढवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.) मंगळवारी मी आणि अजून दोघी गेलो, म्हटलं दादा हे जरा वाचा. त्यांनी वाचलं, म्हणाले ताई वर विचारून सांगतो. शिफ्ट सुटता सुटता निरोप आला, सुट्टी पगारी.

बुधवारी पावणेसातलाच सिडकोतल्या शाळेत जाऊन उभी राहिले, थंडी होती, सगळ्या शाल गुंडाळून. बायकांची रांग वेगळी असते त्यामुळे नंबर पटकन लागतो. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तो घरीच ठेवा. टेपच्या कटरने माझी बोटं कायम कापलेली असतात, शाई लावणाऱ्या मॅडमनी डाव्या हाताची तर्जनी धरली आणि म्हणाल्या ताई झोंबेल हं थोडं. झोंबलीच. मग बटण दाबलं, बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसते सात सेकंद, आपण मत दिलं त्या उमेदवाराचं नाव आणि चिन्ह, ती मी शेवटपर्यंत बघते, खाली पडेपर्यंत. लाइनवर दिवसभर कोणीतरी मागून हात चालवा म्हणत असतं, इथं त्या सात सेकंदात मला कोणीच घाई करत नाही.

तुमची कंपनी सुट्टी देत नसेल तर कलमाचा नंबर दाखवा, एकटीने नको, दोघी-तिघी मिळून जा. अगदीच दिवसभर काम असेल तरी संध्याकाळी सहाच्या आत रांगेत उभ्या राहा, सहाला रांगेत असलेल्या सगळ्यांना मत देऊ देतात मग किती का वाजेनात. आणि यादीत नाव आहे का ते आधीच बघून ठेवा, नुसतं कार्ड असून चालत नाही.

डिसेंबरात पगार झाला तेव्हा मी सगळ्यात आधी वीस तारखेची हजेरी बघितली. लागलेली होती, आमच्या लाइनवरच्या सगळ्यांची.