दार उघडलं की फ्रिज गप्प!

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज रात्रभर घरघरतो. दार उघडलं की गप्प. मेकॅनिक म्हणतो, कॉम्प्रेसर गेला.
– एक वाचक, सातारा

उत्तर : थांबा, एवढ्यात खर्च करू नका. दार उघडल्यावर कॉम्प्रेसर थांबत नाही. बहुतेक फ्रिजमध्ये थांबतो तो फ्रीजरमागचा पंखा. दार उघडं ठेवून चौकटीवरचं, दार लागलं की दाबलं जाणारं बटण बोटानं दाबून धरा. घरघर परत आली, तर बहुधा पात्याला बर्फ घासतोय. प्लग काढा, सामान शेजारी हलवा, दार दिवसभर उघडं ठेवा. खाली जुनं धोतर पसरा, पाणी बरंच येतं. सुरीनं खरवडू मात्र नका. आमच्या मेव्हण्यानं तसंच करून गॅसची नळी फोडली होती. आठवड्याभरात आवाज परतलाच, तर डीफ्रॉस्ट हीटर (आतला बर्फ वितळवणारा) आणि दाराचं रबर तपासून घ्या.