ब्राउझरचा खर्च कोणाच्या जिवावर?

प्रश्न : आम्ही चौघांनी क्रोमियमवर (क्रोम ज्यावर उभा आहे तो गूगलचा खुला कोड) मराठी ब्राउझर बांधला आहे. वापरकर्ते ६०,०००, खर्च महिना ६ लाख. एक सर्च कंपनी ब्राउझरमध्ये तिचेच सर्च आधीपासून निवडलेले (डिफॉल्ट) ठेवण्यासाठी पैसे देऊ म्हणते. त्यावर भागेल का? की देणग्या मागाव्यात? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : पैसे जरूर घ्या, पण पगार त्यावर टांगू नका. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलासारख्या मोठ्या संस्थेचेही बहुतांश उत्पन्न गूगलच्या अशाच करारातून येते. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकी न्यायालयाने गूगलला सर्चमधली मक्तेदार ठरवले, आणि हे पैसे राहतील की बंद होतील यावर फायरफॉक्सचे भवितव्य वर्षभर लोंबकळले. सप्टेंबर २०२५ च्या आदेशात पैसे देण्यास मुभा राहिली, म्हणून निभावले.

सही करण्याआधी तीन कलमे वाचा : पैसे किती दिवसांनी मिळणार, 'अवैध क्लिक' (खोटे किंवा यंत्राने केलेले क्लिक) कोण ठरवणार आणि त्यापोटी आधी दिलेली रक्कम मागे घेणार का, करार मोडायला नोटीस किती. नोटीस ३० दिवसांची असेल तर ती मिळकत पगाराच्या हिशेबात धरूच नका.

आता वर्गणी. वर्षाला ९९९ रुपये ठेवले तर १८ टक्के जीएसटी आणि पेमेंट गेटवेचे सुमारे २ टक्के वजा जाता हातात साधारण ८२३ उरतात. शंभरातल्या तिघांनी भरले असे धरा (हेही उदार मनाने) : १,८०० जण, म्हणजे १४.८ लाख. तुमचा वार्षिक खर्च ७२ लाख. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. लोक पैसे मोजतील ते सिंकसाठी, म्हणजे बुकमार्क-पासवर्ड सगळ्या यंत्रांवर सारखे राहण्यासाठी. मार्च २०२१ पासून गूगलने क्रोमचे सिंक इतर क्रोमियम ब्राउझरना बंद केले, त्यामुळे सर्व्हर तुमचाच लागेल. पासवर्ड वापरकर्त्याच्याच यंत्रावर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करून मग सर्व्हरवर पाठवा.

खर्चात कात्री लावताना सुरक्षा दुरुस्त्यांना हात लावू नका. क्रोममध्ये त्या आठवड्याला येतात. दुरुस्ती जाहीर झाली की भोकही जाहीर होते, आणि ती दुरुस्ती घातलेली तुमची आवृत्ती (बिल्ड) दहा दिवस रखडली तर हल्लेखोराला नकाशाच मिळतो. एक माणूस यातच गुंतणार.

देणग्यांचे म्हणाल तर परदेशी पैशापाशी सांभाळा. सेक्शन ८ कंपनी (ना-नफा कंपनी) काढून परदेशी देणगी घेतली की एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) लागतो, आणि नोंदणीसाठी सहसा तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. परदेशस्थ मराठी माणसाला वर्गणीच विका, बिल द्या. ती सेवेची निर्यात धरली जाते. त्यासाठी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीलाच एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचे हमीपत्र) भरा, नाहीतर आयजीएसटी (निर्यातीला लागणारा जीएसटीचा प्रकार) आधी भरून मग परताव्यामागे धावावे लागते. कोड मुक्तस्रोत (सर्वांना खुला) असेल तर शेअर दलाल कंपनी झिरोधाच्या, अशा प्रकल्पांना मदत करणाऱ्या फ्लॉस फंडाकडे अर्ज करा; एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० डॉलर मिळतात.

एक मोह मात्र टाळा. टाइप केलेल्या पत्त्यामागे गुपचूप रेफरल कोड (ग्राहक पाठवल्याचे कमिशन मिळवून देणारी खूण) जोडायचा नाही. ब्रेव्ह या ब्राउझरने ते केले होते. २०२० मध्ये बोभाटा झाला आणि माफी मागावी लागली.

उरलेली तूट संस्थांकडून भरून काढा. पतसंस्था, शाळा, छापखाने यांना ठरावीक साइटच उघडणारा, मराठी टायपिंगसह बसवून दिलेला ब्राउझर आणि फोन उचलणारा माणूस हवा असतो. दर संगणकामागे घ्या, वर्षाचे पैसे आगाऊ.