प्रिसिजन बेसवर बारीक तारेजवळची ती पट्टी कशासाठी असते? ती काढून अंगठ्यासाठी वर नवी बसवू का?

ती पट्टी मुळात अंगठ्यासाठी नाहीच, बोटांसाठी आहे. तुम्ही लिहिलंय की सेकंडहँड घेतलेल्या बेसवर, म्हणजे चार तारांच्या इलेक्ट्रिक बेस गिटारवर, 'जी' या सगळ्यात बारीक तारेच्या खाली, पिकगार्डवर (वाद्याच्या अंगावरच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणावर), दोन स्क्रूंनी बसवलेली एक छोटी पट्टी आहे. शिवाय वाजवताना उजवा अंगठा कुठे टेकवावा हे कळत नाही, म्हणून तीच काढून वरच्या, सगळ्यात जाड 'ई' तारेच्या बाजूला लावायचा विचार आहे. थोडं थांबा, ड्रिल लगेच हातात घेऊ नका.

लिओ फेंडरनं १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमधून प्रिसिजन बेस बाजारात आणला. हे वाद्य लोक अंगठ्यानं वाजवतील असं त्यात गृहीत धरलेलं होतं. बाकीची बोटं 'जी' तारेखालच्या पट्टीला अडकवायची, तिला तळव्याकडे हलकंसं ओढून धरायचं आणि अंगठ्याच्या मांसल भागानं तार खालच्या दिशेला छेडायची. काही जण तिला 'टग बार', म्हणजे ओढायची पट्टी, म्हणतात ते त्यामुळेच. त्या काळच्या सपाट गुंडाळीच्या तारा आणि ब्रिजवरच्या (तारा जिथे वाद्याच्या अंगावर टेकतात त्या भागावरच्या) झाकणाच्या आत चिकटवलेला फोमचा तुकडा यांच्या जोडीला अंगठा आला की सूर गोल, जाड आणि चटकन विझणारा निघतो. उभं राहून वाजवायच्या मोठ्या डबल बेसच्या जवळ जाणारा. फेंडरच्याच १९६०च्या जॅझ बेसवरही पट्टी याच बाजूला होती.

पण वादकांचा हात वेगळ्या वाटेनं गेला. डबल बेस वाजवणारा माणूस तर्जनीच्या कडेनं तार ओढतो आणि अंगठा फिंगरबोर्डच्या कडेला टेकवतो. तो इलेक्ट्रिक बेसकडे आला तो हाच हात घेऊन. गिटारवाले पिक घेऊन आले. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत प्रिसिजन बेसवर अख्ख्या पिढीला वळण लावणारा जेम्स जेमर्सन मूळचा डबल बेसवाला. तो फक्त उजव्या तर्जनीनं वाजवायचा, इतकं की त्या बोटाला 'द हुक' असं नाव पडलं. पुढे तर्जनी आणि मधलं बोट आळीपाळीनं चालवणं हीच सर्वसाधारण रीत झाली. अशा हाताला 'जी' तारेखालची पट्टी काहीच उपयोगाची नाही, त्याला आधार हवा असतो ई तारेच्या वर. फेंडरनं सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पट्टी त्या बाजूला नेली. त्याआधीच कित्येकांनी ती काढून टाकली होती. म्हणून जुन्या पिकगार्डवर 'जी' तारेखाली दोन रिकामी भोकं दिसतात.

जाता जाता एक गोष्ट. पट्टी 'जी' तारेच्या बाजूला आहे एवढ्यावरून तुमचा बेस साठच्या दशकातला ठरत नाही. जुन्या धर्तीवर नव्यानं बनवलेल्या बेसवरही ती मुद्दाम तिथेच बसवतात. विकणाऱ्यानं तेवढ्या एका खुणेवर किंमत चढवली असेल तर सिरियल नंबर, नेकच्या (मानेच्या) टाचेवरची तारीख आणि पिकअप (तारांचं कंपन टिपणारा, त्यांच्या खालचा भाग) तपासून घ्या.

आता अंगठा. तुमच्या बेसवर त्याला जागा आधीपासून आहे. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत असतो आणि ई व ए तारांखालचा तुकडा नेकच्या बाजूला सरकलेला असतो. त्याच्या वरच्या कडेवर अंगठा टेकवा. ई तार वाजवताना एवढा आधार पुरतो. ए तारेवर आलात की अंगठा ई तारेवर उतरू द्या, डीवर गेलात की ई आणि ए यांच्यामध्ये असा टेकवा की दोन्ही तारांना त्याचा स्पर्श राहील. बोटं खाली सरकतील तसा अंगठा त्यांच्या मागोमाग सरकतो.

मी याचा एवढा आग्रह का धरतो, तर बेस वाजवण्यात तार छेडणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं काम नको असलेल्या तारा गप्प ठेवण्याचं. तुम्ही डी तारेवर सूर धरला आणि ई तार मोकळी असली तर ती आपोआप थरथरते. घरी छोट्या अँपवर ते जाणवत नाही. मोठ्या स्पीकरवर किंवा रेकॉर्डिंगमध्ये तोच गडगडाट ड्रमच्या किकखाली चिखल करून टाकतो, आणि मग माणूस इक्वलायझर फिरवत बसतो. अंगठा पट्टीवर कायम रोवलेला असेल तर ई तारेला धरणारं कुणीच नसतं. डाव्या हातानं ती दाबता येते, पण डाव्या हाताला त्याची स्वतःची कामं पुरेशी असतात. सतारवादकाचा उजवा अंगठा एका जागी पक्का असतो आणि ते तिथे शोभतं, कारण त्याची बहुतेक गत एका बाजाच्या तारेवर चालते आणि तरफांनी झंकारत राहावं हीच अपेक्षा असते. बेसमध्ये तो झंकार नको असतो.

दुसरं कारण सुराच्या रंगाचं. तार नेकजवळ छेडली की ती ऐसपैस हलते, आवाज भरदार आणि मऊ. ब्रिजकडे सरकलात की तार ताठ लागते, वरचे स्वरांश पुढे येतात, प्रत्येक सूर टोकदार होतो. बेसवादक जाको पास्टोरियसचा तो बोलका, नाकातून गायल्यासारखा आवाज येतो त्यात ब्रिजजवळच्या पिकअपवर हात ठेवण्याचा मोठा वाटा आहे. बेसवाल्याकडे असलेला हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला टोन कंट्रोल आहे. दोन इंची पट्टी एका जागी ठोकलीत की हातही तिथेच राहतो. काही दिवसांनी दुसरीकडे हात नेला तर परका वाटायला लागतो, हे मी शिकणाऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय.

म्हणजे अंगठ्याची पट्टी वाईटच, असं नाही. काही बेसवर पिकअप शरीराच्या जवळजवळ सपाटीला असतात, अंगठा त्यांच्यावरून घसरतो. काहींवर पिकअप अशा ठिकाणी असतो की तिथे वाजवलेला आवाज तुम्हाला नको असतो. जो गाण्यात बहुतांश ई आणि ए तारांवरच राहतो आणि तासन्‌तास एकाच जागेवरून एकसारखा आवाज काढतो, त्याला पट्टीनं खरंच आराम मिळतो. अशा वेळी छोट्या पट्टीपेक्षा तारांना समांतर जाणारी लांब लाकडी पट्टी बरी, नेकपासून ब्रिजच्या दिशेनं. अंगठा तिच्यावरून हवा तिथे सरकतो. उंची मात्र नीट बघा: पट्टीचा माथा ई तारेच्या पातळीला किंवा किंचित खाली असावा. फार बुटकी पट्टी मनगट वाकवते, फार उंच पट्टीमुळे बोटं तारांपर्यंत ताणावी लागतात.

पाच तारांचा बेस घेतलात तर हा प्रश्नच उरत नाही. अंगठा ईपेक्षाही जाड असलेल्या बी तारेवर ठेवायचा, आधारही मिळतो आणि सगळ्यात त्रासदायक तार दाबलेलीही राहते.

तुमची खरी अडचण बोटं तारांत फार खोल रुततात ही असेल, तर त्यावर उपाय आहे रॅम्पचा. पिकअपच्या मध्ये तारांच्या अगदी खाली बसवलेली लाकडी फळी, फिंगरबोर्डच्या गोलाईला जुळवून घासलेली. बोट तारेखाली जास्त उतरूच शकत नाही, हात हलका होतो. बेसवादक गॅरी विलिसमुळे ही कल्पना पसरली आणि आयबानेझ कंपनीनं त्याच्या नावाच्या बेसवर ती कारखान्यातूनच दिली. पण सुरुवातीला नको. आधी मोकळ्या हातानं जोर किती लावायचा ते कळू द्या.

मनगट दुखतं म्हणून पट्टी हवी असेल तर आधी खांद्यावरच्या पट्ट्याची लांबी बदलून बघा. बेस मांडीपर्यंत लोंबत असला की उजवं मनगट काटकोनात दुमडतं, आणि त्यावर अंगठ्याचा आधार हा इलाज नाही. बसून वाजवताना बेस ज्या उंचीला असतो, उभं राहिल्यावरही साधारण तिथेच ठेवा. कोपरापुढचा हात बेसच्या कडेवर सैल टेकवा, मनगट जवळपास सरळ. बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर वाजवणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

एवढं करूनही पट्टी हवीच वाटली तर अशी लावा. सुताराकडून सागाचा छोटा तुकडा घ्या, कडा पॉलिश पेपरनं गोल करा आणि दुतर्फी टेपनं पिकगार्डवर चिकटवा. थेट पॉलिशवर नको, विशेषतः नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर. टेपबरोबर त्याचा थर निघून येऊ शकतो. पावसाळ्यात टेप सुटते, बदलत राहा. दोन-तीन महिने वेगवेगळ्या जागी लावून वाजवा. एका जागेवर हात खरोखर स्थिरावला, तरच स्क्रूचा विचार. तेव्हा पिकगार्ड उचलून खाली लाकूड आहे की वायरिंगची पोकळी ते पाहा, स्क्रूपेक्षा बारीक भोक आधी पाडा, नाहीतर पिकगार्डचं प्लास्टिक तडकतं.

आणि 'जी' तारेखालची मूळ पट्टी तिथेच असू द्या. स्लॅप (तार अंगठ्यानं आपटून आणि बोटांनी ओढून वाजवणं) शिकायला लागलात आणि तार ओढताना बोटं तिच्यावर आपटली तर काढा, पण ती आणि तिचे दोन्ही स्क्रू केसच्या कप्प्यात जपून ठेवा. तोवर एकदा तिला बोटं अडकवून अंगठ्यानं वाजवून बघा, तळव्याची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकवून. गायक-बेसवादक स्टिंग कितीतरी वेळा अंगठ्यानंच वाजवतो. संथ गाण्यात हा आवाज गायकाच्या खाली फार छान बसतो.