तनाग्राच्या ग्रीक स्त्रीमूर्तींवरचे रंग उडालेले का दिसतात?

कारण ते रंग भट्टीत भाजलेलेच नसत. तनाग्रा हे ग्रीसमधलं प्राचीन गाव; तिथल्या थडग्यांत सापडलेल्या, इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या या छोट्या मातीच्या मूर्ती साच्यातून काढत, डोकं बहुधा वेगळ्या साच्यातलं. आतून पोकळ, म्हणून भाजताना तडकू नयेत यासाठी पाठीला भोक ठेवत. भाजण्यापूर्वी पांढऱ्या मातीचा हात देत आणि भट्टीतून काढल्यावर गुलाबी, निळा, केसांना तांबूस रंग लावत. थडग्यातल्या ओलाव्यात तो थर पोपडे होऊन गळाला.

मूळ थाट पाहायचा तर पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली निळ्या वस्त्रातली स्त्री बघा. अंगभर लपेटलेलं वस्त्र, हातात पंखा, शिवाय सोनेरी मुलाम्याच्या खुणा. अप्रतिम आहे!

१८७०च्या दशकात तनाग्राची थडगी उकरली गेल्यावर युरोपात बनावट मूर्तींचा सुळसुळाट झाला. त्यामुळे रंग फारच ताजे दिसले तर आधी शंका घ्यावी.