भुसावळहून गाडीने हैदराबादला कुस्तीचा शो पाहायला जाताना

तुम्ही चौघे मित्र डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती-कंपनीचा पुढचा शो हैदराबादला झाला तर भुसावळहून गाडीने जाणार आहात, आणि रस्ता कोणता धरावा, तिकीट कोणते काढावे व निकाल आधीच ठरलेला असेल तर एवढे लांब जावे तरी कशाला, असे तुम्ही विचारले आहे. 8 सप्टेंबर 2023 रोजी गच्चीबावलीच्या बालयोगी इनडोअर स्टेडियममध्ये झालेला त्यांचा ‘सुपरस्टार स्पेक्टॅकल’ हा शो मी गाडीने जाऊन पाहिला आहे, त्या आधारे लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तिकिटाचा निर्णय त्यावरच अवलंबून आहे. निकाल ठरलेला असतो हे खरे, पण आपटणे ठरवून हलके होत नाही. रिंगणाचा तळ म्हणजे लोखंडी सांगाड्यावर फळ्या, त्यावर पातळ फोम आणि वर ताणलेले कॅनव्हास. माणूस पाठीवर पडला की त्याचा आवाज सभागृहात पायाखालून जाणवतो. त्या रात्री ऑस्ट्रियाचा पहिलवान गुंथर आणि आपला सात फुटी शँकी यांच्यात लढत होती. गुंथरची छातीवर बसणारी उघड्या तळहाताची थाप आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलेली असते, पण तिथे ती ऐकल्यावर माझ्या मागच्या रांगेतले, तोवर ‘हे सगळं नाटक आहे’ म्हणणारे गृहस्थ एकदम गप्प झाले. यात्रेतल्या फडावर नुरा, म्हणजे आधीच संगनमताने ठरवलेली कुस्ती ओळखणाऱ्या आपल्याकडच्या जाणत्या प्रेक्षकाने इथे जिंकणाऱ्याकडे नव्हे, तर पडणाऱ्याकडे पाहावे. समोरच्याला मोठा करण्याचे सगळे कसब त्याच्याच अंगी असते.

म्हणूनच सर्वांत महागडे, रिंगणालगतचे तिकीट डोळे मिटून काढू नका. तिथल्या खुर्च्या सपाट जमिनीवर मांडलेल्या असतात, आणि जॉन सीनासारख्या लोकप्रिय पहिलवानाच्या प्रवेशाचे संगीत सुरू झाले की पुढचा प्रत्येक जण उभा राहून मोबाइल वर धरतो. मग साडेपाच फुटी माणसाला फक्त पाठी आणि पडदे दिसतात. हे स्टेडियम फार मोठे नाही, त्यामुळे चढत्या पायऱ्यांवरच्या पुढच्या रांगांमधून रिंगण पूर्ण दिसते आणि आवाजही नीट पोहोचतो. बसण्याची बाजू निवडता आली तर मुख्य कॅमेऱ्याच्या बाजूची घ्या, कारण पहिलवान बहुतेक वेळा त्याच बाजूला तोंड करून खेळतात. जाहिरातीत झळकलेला प्रत्येक चेहरा येईलच असे मात्र गृहीत धरू नका. आणखी एक गोष्ट म्हणजे, भारताच्या नावाने शो जाहीर झाला तरी ठिकाण नीट वाचा. 26 जानेवारी 2021 ला ‘सुपरस्टार स्पेक्टॅकल’ याच नावाने दाखवलेला कार्यक्रम फ्लोरिडात, तोही प्रेक्षकांविना चित्रित झाला होता.

रस्त्याबद्दल: भुसावळ, जामनेर, पहूर, फर्दापूर असे करत अजिंठ्याचा घाट चढा. सिल्लोडहून भोकरदनमार्गे थेट जालन्याला उतरलात तर संभाजीनगरची गर्दी टळते. पुढे जिंतूर, नांदेड, बिलोली, बोधन, निजामाबाद आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग 44. मेडचलजवळ बाह्य वळण रस्ता धरला की शहरात न शिरता गच्चीबावलीला पोहोचता येते. अंतर सहाशे-सातशे किलोमीटरच्या घरात असले, तरी खरा वेळ मराठवाड्यातला टप्पा खातो. पावसाळा असेल तर घाट उजेडातच ओलांडा. आदल्या दिवशी निघून नांदेडला मुक्काम करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी चालवून शिणलेला माणूस तिसऱ्या लढतीला पेंगू लागतो. बरोबर दादर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा घ्या. वाटेत कुठे काय मिळेल याची चिंता राहत नाही.

चौघांपैकी एकालाच गाडी नीट चालवता येत असेल, तर हा बेत सोडून मनमाडहून अजिंठा एक्स्प्रेसने जा. ती रात्रभरात हैदराबादला नेते. गाडी नेणार असाल तर शो संपल्यावर त्याच रात्री परतीला लागू नका. बाहेर पडताना वाहनतळावरच बराच वेळ जातो, आणि त्यानंतर कामारेड्डीपर्यंतच्या अंधाऱ्या महामार्गावर चौघेही सामन्यांवर वाद घालत जागे राहतील ही खात्री कोणी देऊ नये. मुक्कामाची खोली तिकिटाबरोबरच राखून ठेवा, कारण शोच्या आठवड्यात गच्चीबावली परिसरात भाडे वाढलेले असते.